ग्रीन रूमच्या दाराला तिकीट नको

हल्ली मैफलींच्या पोस्टरवर एक नवीन ओळ दिसायला लागलीय. वर कलाकाराचा मोठा फोटो, खाली साथीदारांची नावं बारीक अक्षरात, त्याच्या खाली तिकिटांचे दर, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, आणि प्लॅटिनमच्या पुढे लिहिलेलं असतं "कलाकारांसोबत भेट व फोटो". आधी हे स्टेडियममधल्या मोठमोठ्या शोला असायचं, आता तीन-साडेतीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये ख्याल ऐकायला गेलं तरी असतं. मला हे चुकीचं वाटतं. गाणारा, ऐकणारा आणि खुद्द गाणं, तिघांचंही यात नुकसान आहे असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते का, हे जरा सविस्तर लिहायचंय.

मागच्या वर्षी पुण्यात माझ्या मुलीच्या अतिशय आवडत्या गायिकेचं गाणं होतं. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच. मुलगी अकरा वर्षांची आहे, तीन वर्षं शिकतेय, आठशे-आठशेची दोन तिकिटं काढली होती, मागून चौथी रांग. पूरिया धनाश्री झाला, मग खमाजातली एक ठुमरी, शेवटी भैरवी. त्यातली पूरिया धनाश्रीची द्रुत बंदिश हिच्या क्लासच्या वहीत होती, आणि तिच्या लक्षात आलं की अंतऱ्यात एके ठिकाणी वहीतला शब्द वेगळा आहे आणि ताईंनी गायला तो वेगळा. अंधारात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, बाबा, मी हे त्यांना विचारू का? मी म्हटलं विचार की, गाणं संपल्यावर जाऊ आत.

गाणं संपलं, विंगेकडे गेलो तर दोरी बांधलेली. ज्यांच्या मनगटावर पिवळा पट्टा त्यांनी उजवीकडे, बाकीच्यांनी कृपया बाहेर. व्हॉलंटियर मुलगा कॉलेजातला होता, सभ्य होता, तो तरी काय करणार, त्याला सांगितलेलं तेवढं तो करत होता. पिवळ्या पट्ट्यांची रांग बरीच लांब होती आणि रांगेच्या टोकाला, स्पॉन्सरच्या फ्लेक्ससमोर, त्या गायिका उभ्या. अडीच तास मांडी घालून गाऊन उठलेली बाई, घामाने ब्लाउज भिजलेला, पदराने कपाळ टिपतायत, आणि एकेक जण येतोय, शेजारी उभा राहतोय, क्लिक, पुढचा. कुणाशी दोन वाक्यं बोलायला उसंत नाही. एका काकूंनी "आज मारव्याने रडवलंत" असं काहीतरी म्हटलं, मारवा त्या दिवशी गायलाच नव्हता, तरी ताई हसल्या आणि नमस्कार केला. आम्ही दोरीच्या बाहेर थांबलो, वही हातात घेऊन, वीस मिनिटं, मग हॉलचे दिवे बंद व्हायला लागले. रिक्षात मुलगी म्हणाली, त्यांना पाणी पण दिलं नाही कुणी.

आता दुसरी आठवण, खूप जुनी. मी मूळचा मिरजेचा. २००७ साली, एकोणीस वर्षांचा होतो, कोल्हापूरला केशवराव भोसले नाट्यगृहात एका ज्येष्ठ गायिकेची मैफल होती (हो, तेच, शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं, जे ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं; ती बातमी बघताना मला त्या रात्रीची विंगच दिसत होती डोळ्यासमोर). शंभर रुपयांचं तिकीट, सगळ्यात मागची रांग. त्यांनी मारवा गायला. संपल्यावर मी असाच, कुणाची ओळख नाही पाळख नाही, लोकांच्या मागोमाग आत शिरलो. आत पंधरा-वीस जण असतील. त्या एका सतरंजीवर बसून चहा पीत होत्या, तबलेवाले तबल्याची गवसणी बांधत होते, मागे साथ करणाऱ्या दोन मुली तंबोरे झाकत होत्या. माझा नंबर आला तेव्हा मी पाया पडलो आणि काहीच सुचेना. त्यांनीच विचारलं, कुठून आलास रे? मिरजेहून म्हटल्यावर एकदम चेहरा फुलला, म्हणाल्या, अरे मग हे तंबोरे तुझ्याच गावचे की, आणि त्या मुलीला सांगून एक तंबोरा परत उघडायला लावला. तारा छेडून बघ म्हणाल्या.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून मी शाळेला जायचो. भोपळे वाळत पडलेले, कुणीतरी जवारी काढत बसलेलं, तारेचा टण्ण आवाज, हे मला रोजचं. पण मिरजेच्या बाहेर, मैफल नुकतीच संपलेल्या खोलीत, तो तंबोरा छेडला तेव्हा आपल्या गल्लीत काय बनतं हे मला पहिल्यांदा कळलं. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हाही मला त्या बाईंचीच आठवण आली.) मग मला धीर आला आणि विचारलं, मारव्यात तुम्ही षड्जावर, म्हणजे सा वर, इतक्या उशिरा का येता, जीव कासावीस होतो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, व्हायलाच पाहिजे, आणि अगदी हळू आवाजात रिषभ आणि धैवत गुणगुणून दाखवले, अर्धा मिनिट असेल, षड्जाला टेकल्यासारखं करून परत फिरल्या, मग म्हणाल्या, आत्ता सा दिला असता तर तुझी ओढ संपली असती. त्या अर्ध्या मिनिटाने माझं ऐकणं बदललं. त्यानंतरच्या अठरा-एकोणीस वर्षांत मी जे काही ऐकलं त्याचं मूळ तिथे आहे.

या दोन रात्रींमध्ये फरक कसला? पहिल्या झटक्यात कुणीही म्हणेल की तेव्हा गर्दी कमी होती, मोबाईल नव्हते, जमाना वेगळा होता. ते थोडं खरं आहे. पण मूळ फरक हा की कोल्हापुरातल्या त्या भेटीची किंमत कुणी ठरवलेली नव्हती, त्यामुळे तिथे काय होणार हे त्या बाईंच्या हातात होतं. त्या मला दोन शब्द बोलून वाटेला लावू शकत होत्या, भेटणार नाही म्हणू शकत होत्या, किंवा तंबोरा उघडू शकत होत्या. पुण्यातल्या ताईंच्या हातात यातलं काहीच नव्हतं. पिवळा पट्टा विकला गेला होता, म्हणजे त्या माणसाला फोटो देणं लागत होतं, आणि ज्याने पट्टा घेतला नाही त्याच्याशी बोलणं म्हणजे पैसे भरलेल्यांवर अन्याय. भेट एकदा विकली की ती द्यावीच लागते, आणि द्यावीच लागते म्हटल्यावर ती मोजून द्यावी लागते. इतकं साधं आहे हे.

आपल्या गाण्यात ऐकणारा आणि गाणारा यांच्यामध्ये भिंत नसते, निदान नसायची. बैठकीत गवई तीन हातांवर बसलेला, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, मान हलली नाही तर त्याला दिसायचं, एखादी जागा आवडली की "वाह" निघायचं आणि तीच जागा तो परत वेगळ्या अंगाने घ्यायचा. दाद हा गाण्याचाच भाग आहे. मैफलीनंतरची भेट ही त्या दादेचंच पुढचं टोक आहे, दिवे लागल्यावरचं. ती विकणं म्हणजे समेला "क्या बात है" म्हणायचा हक्क फक्त पहिल्या दोन रांगांना देण्यासारखं आहे. ते कुणाला पटेल का?

आणि परंपरेचं बोलायचं तर, घराणी अशीच तर चालत आली. गदगचा एक मुलगा दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकतो, १९३३ साली, अकराव्या वर्षी, घरातून निघून जातो, ग्वाल्हेर, जालंधर असं कुठे कुठे फिरतो, खिशात काही नाही, आणि शेवटी १९३६ मध्ये कुंदगोळला खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या दारात जाऊन उभा राहतो. ते भीमसेन जोशी. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने त्याच दारात शिकायला जायच्या. पुढे १९५३ साली भीमसेनांनी पुण्यात गुरूच्या नावाने महोत्सव सुरू केला, तो आजही चालतो, तिथे आजही भारतीय बैठकीचं तिकीट असतं, सतरंजीवर मांडी घालून ऐकणारा माणूस आणि सोफ्यावरचा माणूस एकाच मांडवात असतात. सोफ्याला जास्त पैसे घेतात याबद्दल माझी काही तक्रार नाही, मांडवाला, साउंडला, मानधनाला पैसे लागतात, पाठीला आराम पाहिजे त्याने तो विकत घ्यावा. पण जवळची खुर्ची विकणं वेगळं आणि जवळचा माणूस विकणं वेगळं. गदगच्या त्या मुलाकडे प्लॅटिनम पासचे पैसे नव्हते, आणि आजही कुठल्यातरी मागच्या रांगेत असा एखादा मुलगा किंवा मुलगी बसलेली असते जिला एक प्रश्न विचारायचाय. तिला ओळखायची संधी गाणाऱ्याला मिळालीच पाहिजे. दोरीच्या बाहेर ठेवलं तर ती कशी मिळणार?

यावर लोक म्हणतात, अहो कलाकारांनी कमवायचं कुठून. हा मुद्दा मी अजिबात हलका मानत नाही. कॅसेट गेल्या, सीडी गेल्या, यूट्यूबवर लोक तासन् तास फुकट ऐकतात, ख्याल गाणाऱ्याला जे मिळतं ते मैफलीतून आणि शिकवण्यातून. त्यातून तबला, पेटी, तंबोऱ्यावरच्या मुली, प्रवास, हॉटेल. मग मानधन वाढवा ना, उघडपणे वाढवा. तिकीट वाढवा. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की १८ टक्के लागतो, हे आयोजकांचं दुखणं मला माहीत आहे, ती मर्यादा वाढवून मागा, आम्ही रसिक तुमच्याबरोबर सह्या करू. चांगलं गाणं ऐकायला हजार रुपये द्यायला मी तयार आहे आणि माझ्यासारखे बरेच आहेत, महिन्यातून दोन वेळा हॉटेलात एका जेवणावर आपण तेवढे घालवतोच. पण पिवळ्या पट्ट्याचे पैसे कुणाकडे जातात हेही विचारा. माझ्या ओळखीचे एक पेटीवादक आहेत, मी त्यांना थेट विचारलं, तर त्यांनी सांगितलं की आमचा आकडा आधी ठरलेला असतो, पास किती विकले ते आम्हाला माहीतही नसतं, उलट फोटो संपेपर्यंत आम्ही गाडीत बसून राहतो. गायिकेच्या थकलेल्या अर्ध्या तासाचे पैसे आयोजक घेतो आणि साथीदाराला उशिराचं जेवणही मिळत नाही, याला कलाकाराची कमाई म्हणायचं का?

भेट विकायची वाट कुठे जाते हे बघायचं असेल तर जपानकडे बघावं. तिथे एकेबी४८ नावाचा मुलींचा ग्रुप आहे, २००५ मध्ये टोकियोच्या अकिहाबारा भागात सुरू झाला, "ज्यांना तुम्ही भेटू शकता अशा गायिका" हीच त्यांची कल्पना. सीडीबरोबर हात मिळवायचं तिकीट यायचं, एका तिकिटाला काही सेकंद. मग जास्त सेकंद पाहिजेत म्हणून लोक एकाच गाण्याच्या ढिगाने सीडी घ्यायला लागले, गाणं ऐकायला नाहीच, हात मिळवायला. २५ मे २०१४ ला इवाते प्रांतातल्या अशाच कार्यक्रमात एक माणूस करवत घेऊन आला आणि दोन मुलींना आणि एका कर्मचाऱ्याला जखमी केलं. नंतर मेटल डिटेक्टर लावून कार्यक्रम परत सुरू झाले. त्या एका माणसाच्या डोक्यात काय होतं ते सगळ्या चाहत्यांवर मी लादत नाही. पण अनोळखी माणसांना तासन् तास, न थांबता, नाही म्हणायची मुभा न ठेवता समोर उभं राहायला लावणं हे त्या मुलींचं काम बनलं होतं, आणि कामात धोका असला तरी काम थांबत नाही.

फुकट भेटीतही धोका असतो, हेही मान्य करतो. अमेरिकेत ऑर्लँडोमध्ये १० जून २०१६ ला क्रिस्टीना ग्रिमी ही बावीस वर्षांची गायिका कार्यक्रम संपल्यावर चाहत्यांना सह्या देत होती, तिथे एकाने तिला गोळ्या घातल्या. त्याला मिठी मारायला म्हणून तिने हात पुढे केले होते. हे वाचून मला कित्येक दिवस बेचैन व्हायला झालं होतं. आणि आपल्याकडे, चेंबूरमध्ये, २० फेब्रुवारी २०२३ ला सोनू निगम यांचा कार्यक्रम संपून ते स्टेजवरून उतरत होते तेव्हा एका आमदाराच्या मुलाने सेल्फीसाठी त्यांना पकडायचा प्रयत्न केला, झटापटीत त्यांच्या बरोबरची माणसं पायऱ्यांवरून खाली पडली, त्यातला एक जण त्यांच्या गुरूंचा, उस्ताद गुलाम मुस्तफा खाँसाहेबांचा मुलगा होता. पोलिसांत तक्रार झाली. सोनू निगम यांनी तेव्हा सांगितलं होतं की जबरदस्तीने सेल्फी घेणाऱ्यांनी विचार करावा म्हणून तक्रार केली. त्यांनी ते केलं हे बरंच झालं. त्या घटनेत तिकिटाचा प्रश्न नव्हता, पण मूळ समज तोच, की मी आहे म्हणजे तुम्ही मला वेळ दिलाच पाहिजे. एकाकडे पिवळा पट्टा, दुसऱ्याकडे ओळख. दोघांनाही "नाही" ऐकायची सवय नाही.

म्हणून मी "कलाकार जनतेचा असतो" हे वाक्य मानत नाही. गाणं जनतेचं होऊ शकतं, माणूस नाही. आपण ऐकणाऱ्यांनी जरा गाणाऱ्याच्या शरीराचा विचार करायला पाहिजे. भरल्या पोटी दमसास मिळत नाही म्हणून बरेच जण दुपारी थोडंसं खाऊन संध्याकाळचं गायला बसतात, म्हणजे रात्री दहाला मैफल संपते तेव्हा पोटात सात-आठ तासांत काही नसतं. अडीच तास तारसप्तकापर्यंत आवाज लावल्यावर स्वरयंत्र सुजल्यासारखं झालेलं असतं, तेव्हा खरी गरज असते पाणी आणि शांतता यांची. आणि त्याच वेळी आपण त्यांना शंभर माणसांच्या गोंगाटात बोलायला लावतो. गोंगाटात कुणाचाही आवाज नकळत चढतो, तुम्ही लग्नाच्या हॉलमध्ये तासभर बोलून बघा दुसऱ्या दिवशी घसा कसा असतो. ज्यांचं पोट त्या घशावर आहे त्यांच्याकडून आपण हे दर मैफलीनंतर करून घेतो. हिंदी सिनेमांत गाणारे के. के. ३१ मे २०२२ ला कोलकात्याच्या नझरुल मंचावर गायले, हॉलमध्ये क्षमतेपेक्षा खूप जास्त गर्दी झाल्याच्या बातम्या होत्या, गाताना घाम पुसतानाचे त्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, आणि त्याच रात्री ते गेले. वय त्रेपन्न. मृत्यूचं कारण हृदयाचं होतं, त्या वादात मी जात नाही. पण ते व्हिडिओ बघितल्यापासून कुठल्याही गायकाला कार्यक्रम संपल्यावर लोकांच्या गराड्यात बघितलं की मला आधी पंखा कुठे आहे ते बघावंसं वाटतं.

मग भेटूच नये का? काही जण असंच म्हणतात, गाणं ऐका आणि घरी जा, आणि एखाद्या कलाकाराला तेच हवं असेल तर तो शब्द शेवटचा. किशोरीताई आमोणकरांच्या मैफलीत श्रोत्यांनी कुजबुज केलेली त्यांना खपायची नाही, लोक त्याला तऱ्हेवाईकपणा म्हणायचे, मला ते कधीच पटलं नाही, स्वराशी त्यांचं जे चाललेलं असायचं त्यात कुणी यायचं आणि कुणी नाही हे ठरवायचा हक्क त्यांचाच. पण ज्यांना भेटायचंय, आणि माझा अनुभव असा की बहुतेकांना भेटायचं असतं, अगदी मनापासून, कारण अडीच तास अंधारात बघून गायल्यावर ते पोचलं का हे त्यांनाही कळायला हवं असतं, त्यांच्यासाठी नीट व्यवस्था करता येते. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांमध्ये हे मी माझ्या बहिणीकडून ऐकलंय, तिथे दौऱ्यावर आलेले कलाकार कितीदा मंडळाच्याच कुणाच्या घरी उतरतात, रात्री वरण-भात खाऊन मग किचनच्या टेबलाशी गप्पा होतात. आधी जेवण, मग गप्पा. हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

माझ्या डोक्यात आहे ते असं. मैफल संपल्यावर पहिली पंधरा मिनिटं ग्रीन रूममध्ये कुणीही जायचं नाही, आयोजक नाही, नगरसेवक नाही, स्पॉन्सर तर अजिबात नाही. पाणी, चहा, कपडे बदलायचे असतील तर तो वेळ, साथीदारांना खायला. नंतर कलाकाराची तयारी असेल तर वीस मिनिटं भेट, ती सगळ्यांना, तिकीट कितीचंही असो, आणि रांगेत पहिल्यांदा शाळेतली मुलं आणि संगीत शिकणारे विद्यार्थी, कारण त्यांच्याकडे प्रश्न असतात. कलाकार खुर्चीवर बसलेला, उभा नाही. फोटो एकेकट्याचे नाहीत, शेवटी सगळ्यांचा मिळून एक. कलाकाराला भेटायचं नसेल तर ते सुरुवातीलाच, तानपुरे लागत असताना, सूत्रसंचालकाने सांगून टाकायचं, म्हणजे कुणी ताटकळत राहणार नाही आणि गाणाऱ्याला कुणाला तोंडावर नाही म्हणायची वेळ येणार नाही. तबलजी आणि पेटीवाल्यांनाही भेटावं लोकांनी, त्यांच्याभोवती तर चिटपाखरूही नसतं, आणि त्यांनी कधीकधी अख्खी मैफल सावरलेली असते.

यात महापालिकांचा संबंध येतो, आणि म्हणून हा नुसता माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. आपल्याकडची बरीचशी नाट्यगृहं महापालिकांची आहेत, आपल्या करातून बांधलेली, सत्राच्या हिशेबाने भाड्याने मिळतात, सकाळ, दुपार, रात्र. रात्रीचं सत्र संपलं की कर्मचारी दिवे बंद करायला लागतात, त्यांचीही शेवटची बस असते, त्यांना दोष नाही. मोकळ्या मैदानात तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. तो नियम मला योग्य वाटतो, हॉस्पिटलशेजारी राहणाऱ्याला विचारा. पण त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या मैफली गेल्या, पहाटेच्या भैरवीनंतर टपरीवर चहा पिताना गवयाशी बोलायचा निवांतपणा गेला, आणि सगळी भेट दहा मिनिटांच्या चेपाचेपीत येऊन बसली. त्या चेपाचेपीतूनच हा पिवळा पट्टा निघालाय. वेळ कमी, माणसं जास्त, मग पैसे जास्त देईल तो आत.

तर महापालिकेने दोन गोष्टी कराव्यात असं मी लेखी मागितलंय. संगीताच्या कार्यक्रमाला रात्रीच्या सत्रानंतरचा अर्धा तास जादा भाड्याशिवाय द्यावा, थांबणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्याचा भत्ता देऊन. आणि भाडेकरारात एक अट घालावी की सार्वजनिक नाट्यगृहात रंगमंचामागे जाण्याचं तिकीट कुणालाही विकता येणार नाही. खाजगी हॉटेलात, क्लबमध्ये कुणी काय विकावं ते त्यांनी ठरवावं, पण आपल्या पैशाने बांधलेल्या विंगेत दोरी बांधून पट्टे बघायचे हे चालणार नाही. बरोबरीने ग्रीन रूममधली स्वच्छतागृहं दुरुस्त करावीत हेही लिहिलंय, नाटकवाल्यांनी त्याबद्दल इतक्यांदा जाहीर तक्रारी केल्यात की ते परत लिहायला लागावं याचाच राग येतो. ज्या बाईच्या गाण्याने आपण हेलावून जातो तिला हात-तोंड धुवायला धड नळ नसावा? पत्राची पोच मिळालीय, उत्तर अजून नाही, पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. कुणाला बरोबर यायचं असेल तर या, चार माणसं असली की आतल्या केबिनपर्यंत तरी पोचता येतं.

यावर्षी उरुसाला मुलीला घेऊन मिरजेला जातोय. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे, आणि उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. गवई हजेरी लावायला येतात, तिकीट नाही, पास नाही, लहानपणी मी आजोबांच्या मांडीवर बसून तिथे ऐकलंय आणि झोपूनही गेलोय. मुलीने बंदिशीची वही बॅगेत घातलीय. तो अंतऱ्यातला शब्द अजून तिच्या डोक्यातून गेलेला नाही, शिवाय आणखी दोन प्रश्न लिहिलेत म्हणे, काय ते मला दाखवत नाहीये, म्हणते, बाबा, मी त्यांनाच विचारणार.